ऑडी ए४ १.८ आणि २.० टीएफएसआय: थंड स्टार्टला खर्रर्र आवाज, चेन टेन्शनर आणि इंजिन गेलंच तर

हे सगळं फोक्सवॅगन गटाच्या ईए८८८ इंजिन घराण्यातल्या पहिल्या आणि दुसऱ्या पिढीच्या पेट्रोल इंजिनाला लागू आहे. आपल्याकडे ते बी८ बॉडीच्या जुन्या ऑडी ए४ मध्ये येतं, आणि त्याच घराण्यातलं १६० बीएचपीचं १.८ टीएसआय स्कोडा लॉरा आणि दुसऱ्या पिढीच्या सुपर्बमध्ये. संभाजीनगरजवळच्या शेंद्रा प्रकल्पात या तिन्ही गाड्या जुळवल्या जात. नंतरच्या ए४ मधलं १७० बीएचपीचं १.८ हे तिसऱ्या पिढीचं इंजिन. त्याचा टेन्शनर वेगळा असल्यामुळे खालच्या खुणा त्याला लावू नका.

या गाड्या आज तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे आहेत. वॉरंटी कधीच संपली, सर्व्हिस बुक अर्धवट आणि किंमत पाहून भुरळ पडावी अशी. इंजिन जाण्याचं या गाड्यांतलं मोठं कारण एकच भाग आहे, कॅमशाफ्टच्या टायमिंग चेनचा (वॉल्व्ह पिस्टनच्या तालात उघडझाप करायला लावणाऱ्या चेनचा) हायड्रॉलिक टेन्शनर, म्हणजे ती ताणून धरणारा भाग. तो ढिला पडला की चेन स्प्रॉकेटवरून उडी मारते, वॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, आणि वेळीच बदललेल्या चेन किटच्या कितीतरी पट बिल हातात येतं.

लक्षणं

सगळ्यात ओळखीचं लक्षण म्हणजे रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना येणारा धातूचा खर्रर्र किंवा खडखडाट. ए४ मध्ये तो इंजिनच्या पुढच्या बाजूने, म्हणजे रेडिएटरच्या मागून येतो. लॉरा-सुपर्बमध्ये इंजिन आडवं असल्यामुळे उजव्या चाकाच्या बाजूने. सुरुवातीला तो एक-दोन सेकंदच टिकतो आणि ऑइलचा दाब आला की बंद होतो. दुपारी गरम इंजिन सुरू केलं तर काहीच ऐकू येत नाही. म्हणूनच गॅरेजमध्ये गाडी नेली की 'आवाज तर नाही' असं उत्तर मिळतं. गाडी संध्याकाळीच तिथे सोडा आणि पहिला स्टार्ट सकाळी मेकॅनिकसमोर होऊ द्या.

पुढच्या टप्प्यात आवाज लांबतो आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. पी००१६ (क्रँक आणि कॅमचा ताळमेळ नाही), पी०३४१ (कॅम सेन्सरचा सिग्नल) किंवा पी००११ (इनटेक कॅमचं टायमिंग) यांपैकी कोड सापडतात. आयडल थोडं थरथरतं, पिकअप मंदावतो.

शेवटच्या टप्प्यात गाडी सुरूच होत नाही. सेल्फ मारला की इंजिन नेहमीपेक्षा भर्रकन, हलकं फिरतं, कारण एक किंवा अनेक सिलिंडरमध्ये कंप्रेशनच उरलेलं नसतं. उलट नुसतं 'ठक' होऊन इंजिन अडलं तर कारण बहुधा वेगळं असतं: बॅटरी, स्टार्टर, सीज झालेलं इंजिन किंवा पावसाळ्यात सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी. ती दुसरी वाट आहे.

इंजिन भर्रकन फिरत असेल आणि पेटत नसेल, तर तिथेच थांबा. पुन्हा सेल्फ मारू नका. धक्का स्टार्ट तर मुळीच नाही. चेन एक-दोन दात सरकलेली असताना काही वेळा वॉल्व्ह वाचलेले असतात. चार वेळा सेल्फ मारल्यावर तीच चेन आणखी सरकते आणि वाचलेलं हेड, म्हणजे वॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग, जातं. अशी गाडी फ्लॅटबेडवरच हलवा आणि थेट 'इंजिन गेलंच तर' या भागाकडे जा.

टेन्शनर का हरतो

टेन्शनरचा प्लंजर दोन गोष्टींनी चेन ताणून धरतो. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब, आणि बंद असताना आतली रॅचेट, म्हणजे मागे सरकू न देणारी दातेरी अडक. जुन्या जातीच्या टेन्शनरमध्ये ही अडक कमकुवत आहे. ती घसरली की बंद इंजिनात प्लंजर आत बसतो, चेन सैल पडते आणि पुढच्या स्टार्टला ऑइलचा दाब येईपर्यंत सैलच फिरते. तोच तो खर्रर्र आवाज. कंपनीने २०१२ च्या अखेरीस उत्पादनात सुधारित टेन्शनर घेतला. मात्र आरसीवरचं नोंदणी वर्ष पाहून निष्कर्ष काढू नका. २०१३ ची नोंदणी असलेल्या गाडीत आधी बनलेलं इंजिन असू शकतं, आणि २०१० च्या गाडीत मधल्या कुणी मालकाने नवा टेन्शनर बसवलेलाही असू शकतो. आत कोणता आहे ते डोळ्यांनी पाहूनच ठरतं.

अमेरिकेत याच टेन्शनरवरून मालकांनी सामूहिक दावा केला आणि २०१८ मध्ये तडजोड मंजूर झाली. तिचा फायदा भारतातल्या मालकाला मिळत नाही. तरीही अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून संपूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड असेल तर सुट्या भागांवर सवलतीची लेखी मागणी जरूर करा. नकार आला तरी खिशातलं काही जात नाही.

१. ऑइलची पातळी

फुकटची तपासणी, आणि बहुतेकजण हीच टाळतात. गाडी सपाट जागी, इंजिन गरम करून बंद, काही मिनिटं थांबून मग डिपस्टिक. काही ए४ ना डिपस्टिकच नाही. तिथे एमएमआयच्या कार मेनूत पातळी दिसते. हे इंजिन ऑइल खाण्यासाठीही बदनाम आहे. पिस्टनच्या ऑइल रिंग बारीक आणि त्यांची निचऱ्याची भोकं लहान असल्यामुळे ती कार्बनने बुजतात, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खाली उतरत नाही आणि जळून जातं. कंपनीच्या पुस्तकात १,००० किमीला अर्धा लिटरपर्यंतचा खप चालतो असं लिहिलंय. एकूण ऑइल फिल्टरसकट ४.६ लिटर. म्हणजे पुस्तकाच्या मर्यादेत राहूनही तीन हजार किमीत दीड लिटर उडालेलं असू शकतं. ऑइल कमी म्हणजे पंपात हवा आणि टेन्शनरला उशिरा मिळणारा दाब.

पातळी कमी असेल तर भरा आणि पुढच्या तीन-चार थंड स्टार्टला कान द्या. आवाज पूर्ण थांबला तर चांगलंच, तरी पाचवी तपासणी सोडू नका. कमी ऑइलवर किती महिने गाडी चालली ते टेन्शनरलाच ठाऊक.

२. ऑइलची जात आणि फिल्टर

ऑइल व्हीडब्ल्यू ५०२ ०० (५डब्ल्यू-४०) किंवा ५०४ ०० (५डब्ल्यू-३०) मान्यतेचं हवं. डब्यामागे हा आकडा स्पष्ट छापलेला असतो. 'युरोपियन गाड्यांसाठी' एवढंच लिहिलेलं असेल तर तो डबा ठेवून द्या.

या इंजिनात फिल्टर वरच्या बाजूला उभा बसतो. इंजिन बंद झालं की फिल्टरमधलं ऑइल खाली उतरू नये म्हणून आत उलट-झडप असते. स्वस्त फिल्टरमध्ये ती नीट बसत नाही, रात्रीतून वरच्या गॅलऱ्या (ऑइलचे मार्ग) रिकाम्या होतात आणि सकाळी टेन्शनरला दाब उशिरा पोचतो. परिणाम हुबेहूब खराब टेन्शनरसारखा. ऑइल बदलल्यानंतर लगेच आवाज सुरू झाला असेल तर आधी फिल्टरवर संशय घ्या. मूळ किंवा चांगल्या नावाचा फिल्टर घ्या, रबर रिंगला ऑइल लावा आणि २२ न्यूटन-मीटरनेच आवळा. फिल्टर पाना लावून 'जाम' आवळणाऱ्याला थांबवा, पुढच्या वेळी तो फाटूनच निघतो.

ऑइल बदलाचं १५,००० किमीचं वेळापत्रक शहरातल्या ट्रॅफिकला जास्तच आहे असं माझं ठाम मत आहे. मुंबई-पुण्यात ही गाडी रोज ऑफिसला जात असेल तर ७,५०० किमी किंवा वर्ष, जे आधी येईल ते.

३. आवाज चेनचाच आहे का

थेट इंजेक्शनमुळे हे इंजिन आयडलला टिकटिकतंच. इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंपाची ती टिकटिक सतत येते, थंड-गरम दोन्ही वेळी. तिच्यामागे लागू नका.

बाहेरच्या बेल्टचा टेन्शनर किंवा आयडलर पुली खराब असेल तरी पुढून खडखड येते. ती वेगळी काढणं सोपं आहे. रात्रभर थंड झालेल्या इंजिनाचा बाहेरचा बेल्ट काढा आणि दहा-पंधरा सेकंदच सुरू करा. बॅटरीचा दिवा लागेल, हायड्रॉलिक स्टिअरिंग असेल तर जड होईल, चालेल. या इंजिनात पाण्याचा पंप बाहेरच्या बेल्टवर नसून बॅलन्स शाफ्टवरून वेगळ्या दातेरी बेल्टने फिरतो, त्यामुळे एवढ्या वेळात इंजिन तापण्याची भीती नाही. बेल्ट नसताना आवाज गेला तर तुम्ही स्वस्तात सुटलात. राहिला तर आत आहे. एक मात्र सांभाळा. आवाज आधीच तीन-चार सेकंद टिकत असेल किंवा टायमिंगचे कोड असतील तर ही चाचणी करू नका. प्रत्येक थंड स्टार्ट जोखमीचा आहे.

जाता जाता पीसीव्ही म्हणजे ऑइल सेपरेटर पाहून घ्या. इंजिन आयडलवर असताना ऑइल फिलर कॅप उचलायला प्रचंड जोर लागत असेल आणि शिट्टीसारखा आवाज येत असेल तर आतला पडदा फाटलाय. चेनशी त्याचा थेट संबंध नाही, पण तो ऑइलचा खप वाढवतो आणि आयडल बिघडवतो. नुसत्या थरथरीवरून चेनवर आळ घेण्याआधी हा भाग बाजूला काढा.

४. स्कॅनर: फेज पोझिशन

साधा ओबीडी डोंगल कोड दाखवतो. इथे त्याहून जास्त लागतं. व्हीसीडीएससारखं व्हीडब्ल्यू गटाचं मोजमाप वाचणारं साधन असलेला मेकॅनिक गाठा. इंजिन मॉड्यूलमध्ये मेझरिंग ब्लॉक ०९३, इंजिन गरम, आयडलवर. त्यात इनटेक कॅमची फेज पोझिशन क्रँकच्या अंशांत दिसते. चेन ताणली की कॅम क्रँकच्या मागे पडतो आणि हा आकडा शून्यापासून दूर जातो. शून्याच्या दोन्ही बाजूंना तीन अंशांपर्यंत ठीक. उणे चारच्या पुढे गेला की चेनचं काम ठरवून टाका. उणे पाच किंवा त्यापुढे असेल तर गाडी चालवत घरी नेऊ नका.

इथेच बरेच मालक आणि काही मेकॅनिकही फसतात. ब्लॉक ०९३ चेनची लांबी सांगतो, टेन्शनरची तब्येत सांगत नाही. चेन हळूहळू, हजारो किलोमीटरमध्ये ताणते. टेन्शनरची अडक एका सकाळी मोडते. आकडा उणे एक असलेल्या गाडीचं इंजिन दुसऱ्या दिवशी गेलेलं असू शकतं. आकडा खराब म्हणजे काम नक्की. आकडा चांगला म्हणजे फक्त चेन चांगली.

५. खिडकीतून टेन्शनर पाहणे

सगळ्या तपासण्यांत सर्वात जास्त सांगणारी ही, आणि खर्च जवळपास एका प्लगचा. खालच्या टायमिंग कव्हरला क्रँक पुलीजवळ एक छोटा प्लग असतो. ए४ मध्ये खालचं अंडरट्रे काढून, लॉरा-सुपर्बमध्ये उजव्या चाकाच्या आतल्या बाजूने तिथे पोचता येतं. गाडी रॅम्पवर किंवा पक्क्या स्टँडवरच असू द्या, निव्वळ जॅकवर गाडीखाली जाऊ नका. प्लग काढताना बहुधा खराब होतो, नवा आधीच आणून ठेवा.

आत टॉर्च आणि छोटा आरसा, किंवा मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा. प्लंजरभोवती तारेची गोल क्लिप आणि त्यात बसणाऱ्या खाचा दिसल्या तर सुधारित टेन्शनर. क्लिप नसून बाजूला दातेरी पट्टी आणि छोटी अडक दिसली तर जुना. जुना दिसला की बाकी तपासण्या कितीही चांगल्या आल्या तरी बदलणे, हा माझा सरळ नियम. गाडी विकत घेण्याआधी पाहत असाल तर किमतीतून तेवढी रक्कम वजा करून बोलणी करा.

नवा असेल तर प्लंजरचे बाहेर आलेले दात मोजा. चेन जितकी लांबलेली तितका प्लंजर जास्त बाहेर. सहापर्यंत ठीक, सात दिसले की चेन बदलायची.

पाहताना इंजिन हाताने फिरवायची गरज पडली तर फक्त घड्याळाच्या दिशेने, क्रँक पुलीकडे तोंड करून. उलटं फिरवलं की चेनचा ताण टेन्शनरच्या बाजूला येतो आणि जुनी अडक तिथेच हार खाते. याच कारणासाठी मॅन्युअल लॉरा किंवा सुपर्ब चढावर नुसती गिअरमध्ये ठेवून उभी करू नका. गाडी किंचित मागे सरकली की इंजिन उलटं फिरतं. हँडब्रेक आधी, पूर्ण, मग गिअर.

घरी किंवा ओळखीच्या छोट्या गॅरेजमध्ये करायचं काम इथे संपलं. पुढे कव्हर उघडायचं आहे, आणि ते या इंजिनावर आधी हात बसलेल्या माणसाचंच काम.

६. ऑइलचा दाब आणि कॅमचा ब्रिज

टेन्शनर नवा, चेनचा आकडा चांगला, फिल्टर बदललेला, तरी आवाज किंवा पी००११ येतोच, अशी गाडी आली तर दोन जागा. ऑइल प्रेशर स्विचच्या जागी मेकॅनिकल गेज लावून दाब पाहा. दुसऱ्या पिढीत पंप दोन टप्प्यांचा आहे: कमी वेगात सुमारे १.८ बार आणि जास्त वेगात सुमारे ३.३ बारवर तो दाब धरतो. गरम इंजिनावर त्याच्या बराच खाली असेल तर पंपाची जाळी तुंबलेली असू शकते, आणि ती तुंबण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे झिजलेल्या चेन गाइडचे, म्हणजे चेन ज्यांच्यावरून सरकते त्या पट्ट्यांचे, प्लॅस्टिकचे तुकडे. खालचा सम्प (ऑइल साठवणारं भांडं) उघडून पाहायलाच हवा. काळे-तपकिरी तुकडे मिळाले तर गाइड गेलेत, मग टेन्शनर कुठलाही असो.

दुसरी जागा वरच्या कव्हरच्या आतला कॅमशाफ्टचा ब्रिज, म्हणजे कॅमशाफ्टला पुढून आधार देणारा भाग. त्याच्या ऑइल मार्गात एक इवलीशी जाळी असते. ती तुंबते किंवा निसटते, कॅम अ‍ॅडजस्टरला (कॅमचं टायमिंग पुढे-मागे करणाऱ्या भागाला) ऑइल नीट पोचत नाही आणि टायमिंगचे कोड येतात. सुधारित ब्रिज मिळतो. चेनचं काम करताना जुना ब्रिज परत बसवणं म्हणजे पैसे वाचवल्याचं समाधान फक्त.

७. चेनचं काम: गॅरेजला काय विचारायचं

ए४ मध्ये पुढचा भाग सर्व्हिस पोझिशनला, म्हणजे रेडिएटरच्या चौकटीसह पुढे ओढून काम होतं; आडव्या इंजिनात इंजिनाला आधार देऊन उजवं माउंटिंग काढावं लागतं. कामाचा दर्जा दोन-तीन प्रश्नांत कळतो.

कॅम अ‍ॅडजस्टरच्या कंट्रोल व्हॉल्व्हचा आटा उलटा आहे हे त्याला माहीत आहे का, आणि तो काढायचं टी१०३५२ टूल आहे का? नसेल तर व्हॉल्व्ह घासून काढला जातो, आणि धातूचा कीस थेट अ‍ॅडजस्टरमध्ये.

क्रँक पुलीचा बोल्ट सैल केल्यावर चेनचं स्प्रॉकेट क्रँकवर कसं दाबून ठेवणार? ते पुलीच्याच दाबाने जागेवर असतं. बोल्ट निघाला आणि स्प्रॉकेट हललं की टायमिंग तिथेच बिघडतं. हा बोल्ट एकदाच वापरायचा, १५० न्यूटन-मीटर आणि वर ९० अंश. जुनाच परत लावणार असं ऐकलं तर गाडी परत घ्या.

सुटे भाग असे: सुधारित टेन्शनर (०६के १०९ ४६७ के), चेन, सगळे गाइड, ब्रिज, क्रँकचा बोल्ट आणि पुढचा ऑइल सील, खालचं कव्हर आणि त्याचे बोल्ट, सीलंट, फिल्टर, ५ लिटर ऑइल. खालचं कव्हर पत्र्याचं असतं आणि काढताना वाकतं. ठोकून सरळ केलेलं कव्हर दोन महिन्यांत ऑइल गळतं. बॅलन्स शाफ्टची आणि ऑइल पंपाची चेनही तेव्हा समोरच असते. मजुरी तीच लागणार असल्यामुळे झीज दिसली तर त्याच दिवशी बदलून घ्या. फक्त टेन्शनर बदलून भागवणं मी तेव्हाच मान्य करतो जेव्हा फेज पोझिशन शून्याजवळ आहे आणि गाइडवर खोबण नाही.

जोडल्यावर टेन्शनरची पिन काढून इंजिन हाताने घड्याळाच्या दिशेने दोन पूर्ण फेरे, मग स्प्रॉकेटच्या खुणा पुन्हा तपासायच्या. चेनच्या रंगीत कड्या दोन फेऱ्यांनी परत जुळत नाहीत. ते पाहून घाबरून पुन्हा उघडणारे मेकॅनिक आहेत.

इंजिन गेलंच तर

पहिली सूचना गॅरेजसाठी: लगेच कंप्रेशन टेस्ट करू नका. चेन सरकलेली असताना वॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडे असतात, त्यामुळे चांगल्या सिलिंडरचाही आकडा शून्य येऊ शकतो. शिवाय टेस्टसाठी सेल्फ मारावा लागतो. आधी चारही स्पार्क प्लग काढून बोअरस्कोप आत घाला. पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारख्या ताज्या, चकाकत्या खुणा दिसल्या तर वॉल्व्ह आपटलेत. एकाही पिस्टनवर खूण नसेल तर चेन किट लावून टायमिंग जुळवा आणि मगच कंप्रेशन. चांगल्या इंजिनात ११ ते १४ बार, झिजीची मर्यादा ७ बार, आणि सिलिंडरमधला फरक ३ बारपेक्षा जास्त नको.

खुणा असतील तर लीक-डाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडरचे वॉल्व्ह बंद असतील अशा स्थितीत दाबाची हवा आत सोडायची. इनटेकमधून फुस्स आवाज आला तर इनटेक वॉल्व्ह वाकलेत. सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट. ऑइल फिलरमधून जास्त आला तर रिंग किंवा पिस्टन. कूलंटच्या टाकीत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा हेडला तडा. या चाचणीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग मागा. 'फुल इंजिन करावं लागेल' हे वाक्य बोअरस्कोपचा फोटो न दाखवता कुणी म्हटलं, तर गाडी दुसरीकडे हलवा.

यानंतर वाटा तीन.

पिस्टनवर नुसत्या उथळ खुणा आणि खालून गळती नाही: हेडचं काम. वाकलेले वॉल्व्ह, सगळे स्टेम सील, वॉल्व्ह गाइडची तपासणी, हेडचं फेसिंग, नवे हेड बोल्ट, वर सांगितलेलं पूर्ण चेन किट. लेथवाल्याकडे हेड देताना न वाकलेल्या वॉल्व्हचीही बैठक तपासायला सांगा. हेड उतरलेलंच आहे तर इनटेक वॉल्व्हच्या मागचा कार्बन साफ करून घ्या. थेट इंजेक्शनमध्ये पेट्रोल त्यांच्यावरून वाहत नाही, म्हणून तो साचतोच.

पिस्टनचा माथा फुटलाय, वॉल्व्हचा तुकडा आत पडलाय, सिलिंडरच्या भिंतीला चर पडलीय, किंवा गाडी आधीपासूनच ऑइल पीत होती: खालचंही काम करा. वॉल्व्ह आपटायच्या आधीच हजार किमीला लिटरभर ऑइल खाणाऱ्या इंजिनावर फक्त हेड बांधणं म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा उघडणं. सुधारित ऑइल रिंगचे पिस्टन घाला.

तिसरी वाट, जुनं इंजिन आणून बसवणं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडपासून दिल्लीच्या मायापुरीपर्यंत ही इंजिनं मिळतात. इंजिन कोडची अक्षरं (१.८ साठी सीडीएए, सीडीएचबी वगैरे) तुमच्या गाडीशी जुळली पाहिजेत, नाहीतर सेन्सर आणि वायरिंगवर आठवडे जातात. पक्कं बिल, त्यावर इंजिन नंबर, आणि नंबर घासलेला नाही याची खात्री. बिलाशिवायचं इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर गाडी पोलिसांकडे जाते. मुख्य म्हणजे आलेल्या इंजिनातही तोच जुना टेन्शनर असण्याची शक्यता दाट. बसवण्याआधी, इंजिन जमिनीवर असतानाच चेन किट बदला. तेव्हा ते सर्वात सोपं असतं. नंतर आरटीओत अर्ज करून नवा इंजिन नंबर आरसीवर चढवा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. हे राहिलं तर पुढच्या अपघाताच्या दाव्यात अडचण येते आणि गाडी विकतानाही.

विम्याबद्दल थोडक्यात: नेहमीची मोटार पॉलिसी यांत्रिक बिघाड आणि झीज भरून देत नाही. इंजिन प्रोटेक्ट अ‍ॅड-ऑन पाणी शिरून झालेल्या नुकसानीसाठी असतो, चेनसाठी नाही. पाणी शिरल्याचं सांगून दावा करा असा सल्ला देणारे भेटतील. सर्व्हेअर एअर फिल्टर आणि पिस्टन पाहतो, आणि खोटा दावा पुढची सगळी वर्षं अंगाशी येतो. एक्सटेंडेड वॉरंटी असेल तर मात्र तिची अटींची पानं नीट वाचा. काहींमध्ये अंतर्गत वंगण घातलेले भाग येतात, पण ऑइल बदलाची सगळी बिलं मागतात.

या तिन्हींपैकी लागू पडणाऱ्या वाटेचा खर्च गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या निम्म्याच्या वर जात असेल, आणि गिअरबॉक्स, एसी, सस्पेन्शनमध्येही काम बाकी असेल, तर गाडी आहे तशी विका. बोअरस्कोपचे फोटो आणि लीक-डाउनचे आकडे खरेदीदाराला दाखवा. 'इंजिन बंद आहे, कारण माहीत नाही' म्हणून विकलेल्या गाडीपेक्षा 'हेडचं काम आहे, खालचं इंजिन चांगलं' अशी लेखी माहिती असलेल्या गाडीला चांगला भाव येतो.

दुरुस्ती केलीत तर काढलेला टेन्शनर, चेन आणि गाइड डिक्कीत टाकून आणा, बिलावर सुट्या भागांचे नंबर लिहून घ्या. पहिल्या १,००० किमीला ऑइल आणि फिल्टर पुन्हा बदला, कारण सीलंटचे आणि जुन्या गाइडचे कण तेव्हाच बाहेर येतात. त्याच दिवशी ब्लॉक ०९३ चा आकडा परत वाचून बिलाच्या मागे लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक सर्व्हिसला त्याच्याशीच तुलना करायची.